शाळेचा शौचकूप : भांडे, कोंबडा व त्यांचा सांधा

शाळागृहाचे बांधकाम चालू असता शिक्षक वारंवार जाऊन पाहतात ते भिंतींची उंची, खिडक्यांच्या चौकटी आणि फळ्याची जागा. शौचकूपाचे काम मात्र बहुधा सर्वस्वी गवंड्याच्या स्वाधीन असते. ते पूर्ण होऊन किल्ली हाती आली म्हणजे मग त्याकडे प्रथम लक्ष जाते. तोपर्यंत पाहण्यासारखे सारे जमिनीखाली गेलेले असते. वरून पाहता चांगल्या व वाईट कामात कोणताच भेद दिसत नाही. तेच पांढरे भांडे, तोच गुळगुळीत कोबा. भेद कळतो तो दोन-तीन महिन्यांनी. दुर्गंधी सुटते, भिंतीच्या पायाशी ओल येते, टाकलेले पाणी भांड्यातच तुंबून राहते, आणि एके दिवशी दारास कुलूप लागते ते कायमचे.

या कुलपाची किंमत मुलींना मोजावी लागते. मुलगे कोठेतरी आडोशास जातात. पाचवी-सातवीच्या मुलींना तसे जाता येत नाही. त्या सकाळपासून पाणी पिण्याचे टाळतात, मधल्या सुटीत घरी जातात आणि दुपारी पुष्कळदा परत येत नाहीत. मुलांचा व मुलींचा शौचकूप स्वतंत्र असावा, अशी तरतूद २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे आणि त्यानुसार बांधकामेही पुष्कळ झाली. परंतु बांधलेला शौचकूप आणि चालता शौचकूप या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांमधील अंतर बहुधा एका हातभर लांबीच्या सांध्यावर ठरते. त्या सांध्याची माहिती शिक्षकांस असावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शिक्षकाने गवंड्याची थापी हाती घ्यावी असे नाही. तथापि कोणत्या वेळी कामावर उभे राहावे व काय पाहावे, हे त्यास ठाऊक असले पाहिजे.

कोंबडा म्हणजे काय

भांड्याच्या खाली जी वाकडी नळी बसवितात तिला ट्रॅप म्हणतात. गवंडी लोक तिला तिच्या आकारावरून कोंबडा म्हणतात, आणि हे नाव इतके समर्पक आहे की येथेही तेच वापरणे सोयीचे. कोंबड्याच्या वाकात थोडे पाणी सदैव अडून राहते. हे पाणी म्हणजेच दार. मैला व पाणी त्यातून पलीकडे जाते. खड्ड्यातील वायू, माश्या व झुरळे मात्र अलीकडे येऊ शकत नाहीत. म्हणूनच अशा रचनेस जलबंद शौचकूप असे म्हणतात. लंडनमध्ये घड्याळे बनविणाऱ्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश कारागिराने १७७५ साली वाकड्या नळीच्या शौचकूपाचे एकस्व घेतले. त्यानंतर भांड्यांचे आकार बदलले, पाणी सोडण्याची साधने बदलली. वाकात पाणी अडविण्याचे तत्त्व मात्र तेच राहिले.

जलबंदाची खोली कशी मोजावी, याविषयी पुष्कळांचा घोटाळा होतो. वाकात एकंदर किती पाणी आहे, हे मोजावयाचे नसते. वाकाच्या मधल्या ओठाची खालची कड पाण्यात किती बुडालेली आहे, हे मोजावयाचे असते. ग्रामीण भागासाठी जो कोंबडा योग्य मानतात त्यात ही खोली २० मिलिमीटर असते. म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही कमी. एवढ्याशा पाण्यावर सारी भिस्त असल्याने कोंबडा किंचित तिरपा बसला तरी ओठाची कड उघडी पडते, आणि मग भांडे कितीही घासले तरी दुर्गंधी जात नाही. फिनेलच्या बाटल्या संपतात. दोष मात्र जागच्या जागी राहतो.

येथे एक गोष्ट मुलांना व पालकांनाही समजावून सांगण्यासारखी आहे. दुर्गंधीने रोग होत नाही. रोगजंतू पसरतात ते माश्यांच्या पायांनी, न धुतलेल्या हातांनी व दूषित पाण्याने. जलबंदाचा खरा उपयोग माशीला खड्ड्यापासून तोडणे हा आहे. दुर्गंधी ही केवळ ते दार उघडे असल्याची सूचना होय.

भांड्याची निवड

भांडे विकत घेताना दुकानदार बहुधा शहरी पद्धतीचे भांडे दाखवितो. ते दिसण्यास भव्य असते, पण त्याचा तळ सपाटसर असतो व त्याच्या कोंबड्यातील जलबंद ५० मिलिमीटर खोल असतो. ते स्वच्छ होण्यास प्रत्येक वेळी सुमारे १० लिटर पाणी लागते. ग्रामीण भांड्याचा तळ २५ ते २८ अंशांच्या तीव्र उताराचा असून त्यास दीड ते दोन लिटर पाणी पुरते. एका दिवसात ६० वेळा वापर झाला असे धरल्यास पहिल्यास ६०० लिटर व दुसऱ्यास १२० लिटर पाणी लागेल. १५ लिटरच्या घागरीने मोजले तर एकीकडे ४० घागरी आणि दुसरीकडे ८. मराठवाड्यातील अथवा माणदेशातील ज्या गावी चैत्रापासून टँकरची वाट पाहावी लागते, तेथे या ३२ घागरींचा अर्थ निराळा सांगावयास नको. शहरी भांडे बसविले तर तो शौचकूप उन्हाळ्यात बंदच पडणार. म्हणून खरेदीच्या वेळी भांड्याचा उतार डोळ्यांनी पाहून घ्यावा. कोंबडा त्याच भांड्याच्या जोडीचा असावा. एका कारखान्याचे भांडे व दुसऱ्याचा कोंबडा यांची तोंडे पुष्कळदा जुळत नाहीत, आणि न जुळलेली तोंडे गवंडी सिमेंटचा ढीग लावून झाकतो.

सांधा

आता मुख्य विषय. भांड्याची तोटी कोंबड्याच्या रुंद तोंडात उतरते. वरची नळी खालच्या नळीच्या आत, हा नियम होय. कौलारू छपरावर वरच्या ओळीचे कौल खालच्या ओळीवर चढविलेले असते, म्हणून पाणी सांध्यात न शिरता घसरून जाते. येथेही तोच न्याय आहे. हा क्रम उलटा झाला, अथवा तोटी तोंडात पुरेशी न उतरता केवळ त्यावर टेकली, तर प्रत्येक वेळी थोडे पाणी सांध्यातून बाहेर झिरपते व भांड्याखालच्या भरावात मुरत राहते. भिंतीच्या पायाशी दिसणारी ओल ती हीच.

प्रथम कोंबडा बसवावयाचा, भांडे नंतर. कोंबड्याखाली ठोकून घट्ट केलेली जमीन व तीवर काँक्रीटचा पक्का थर हवा. नुसत्या भरावाच्या मातीवर ठेवलेला कोंबडा पहिल्या पावसाळ्यात खचतो. तो बसविल्यावर त्यात पाणी ओतून पाहावे. दोन्ही बाजूंस पाणी कोठवर चढते व ओठाची कड किती बुडते, हे काडीने मोजता येते. २० मिलिमीटर भरले म्हणजे मगच पुढील काम करू द्यावे. या मोजणीस पाच मिनिटे लागतात. शिक्षकाने कामावर उभे राहण्याची पहिली वेळ ती हीच.

त्यानंतर भांडे उतरवितात. तोटी व कोंबड्याचे तोंड यांमध्ये सभोवार सारखी फट राहिली पाहिजे. त्या फटीत प्रथम सिमेंटच्या पातळ रबडीत भिजविलेली सुतळी दाबून बसवितात; तिच्यामुळे माल आत गळून पडत नाही. तिच्यावर एक भाग सिमेंट व एक भाग बारीक वाळू यांचा घट्ट माल भरून बाहेरून उतरती कड करतात. आतल्या बाजूस मालाचा जो कंगोरा येतो तो ओला असतानाच फडक्याने पुसून घ्यावा लागतो. तो राहिला तर वाळून करवतीसारखा होतो, आणि पुढे वर्षानुवर्षे प्रत्येक गोष्ट त्यास अडकते. काम चालू असता वाळूचे खडे कोंबड्यात पडू नयेत म्हणून चतुर गवंडी त्यात गोणपाटाचा बोळा कोंबतो. हे योग्यच. परंतु काम संपल्यावर तो बोळा काढावा लागतो. 'नवाच संडास, पण पाणी जातच नाही' अशी तक्रार आली म्हणजे प्रथम बोळ्याची चौकशी करावी.

भांड्याच्या काठावर पाणसळ दोन्ही दिशांनी ठेवून पाहावी. काठ कोब्याच्या पातळीहून किंचित खाली राहील असा बसवावा, म्हणजे फरशीवर सांडलेले पाणी भांड्याकडे वळते. पाय ठेवण्याच्या पट्ट्या मुलांच्या मापाच्या असाव्यात. मोठ्या माणसाच्या अंतराने बसविलेल्या पट्ट्यांवर पहिलीच्या मुलास बसता येत नाही व ते काठावरच बसते. भांड्याखाली पोकळी राहता कामा नये. ती वाळूने अथवा हलक्या काँक्रीटने भरून काढावी, अन्यथा वरून वजन पडताच भांडे हलते व सांधा तडकतो.

तथापि हा भराव करण्यापूर्वी सांधा उघडा असतानाच त्याची परीक्षा व्हावयास हवी. गवंडी घाई करील. त्यास त्याच दिवशी कोबा करून मोकळे व्हावयाचे असते. तरीही एक दिवस थांबवावे. दुसऱ्या दिवशी कोंबड्याचे पलीकडचे तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करून भांड्यात पाणी भरावे व सांध्याभोवती कोरडी राख भुरभुरावी. तासाभराने राख जशीच्या तशी कोरडी राहिली तर सांधा पक्का समजावा. राखेवर काळसर डाग उमटला तर तो सांधा फोडून पुन्हा करवून घ्यावा. बाहेरून सिमेंटचे पोतेरे फिरवून भागणार नाही. शिक्षकाने उपस्थित राहण्याची ही दुसरी वेळ होय, व सर्वांत महत्त्वाची. सांधा झाकल्यावर त्यातील दोष दुरुस्त करणे म्हणजे सारा कोबा फोडणे, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम मिळत नाही. पुढे आठ दिवस सांध्यावर व कोब्यावर पाणी मारावे.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ज्या शाळांत खुर्चीसारखा कमोड बसवितात तेथेही हीच दृष्टी ठेवावी. अमेरिका व कॅनडा येथील घरांत कमोडखालच्या नळीच्या तोंडाशी फ्लँज नावाचे रुंद कडे बसवितात. ते कडे तयार फरशीवर स्क्रूने आवळतात, त्यावर मेणाची जाड कडी ठेवून कमोड दाबतात व दोन बोल्टांनी पक्का करतात. वजनाने मेण चेपते व फट बुजते. फरशीचे काम मागाहून झाले व कडे फरशीखाली दबले, तर मेण पुरेसे दाबले जात नाही व सांधा गळतो. त्या देशांत तळघरात शौचकूप करणाऱ्यांस आणखी एक अडचण येते : रस्त्यातील गटाराची नळी तळघराच्या जमिनीहून उंच असेल, तर मैलापाणी पंपाने वर चढवावे लागते. आपल्याकडे कमोडचा कोंबडा बहुधा त्याच्या अंगातच घडविलेला असतो. तेथे पाहावयाचे ते एवढेच की, कमोड हाताने हलवून पाहिला असता मुळीच डुलू नये. डुलणारा कमोड महिन्या-दोन महिन्यांत सांधा फोडतो. शिवाय हाताच्या आधाराने उठणाऱ्या मुलास त्यापासून इजा होण्याचा संभव असतो.

खड्डे

खड्ड्यांचे माप अभियंता ठरवील. एका कुटुंबासाठी एक मीटर व्यासाचा व तितकाच खोल खड्डा सुमारे तीन वर्षे पुरतो. शाळेसाठी विद्यार्थ्यांच्या संख्येप्रमाणे तो मोठा लागतो. शिक्षकाने पाहावयाचे ते निराळे. खड्डे दोन असावेत व त्यांमध्ये निदान एक मीटर अंतर असावे. त्यांचे बांधकाम जाळीचे असावे, म्हणजे विटांमध्ये ठरावीक अंतराने भोके सोडलेली असावीत. नळीच्या तोंडाच्या वरचा भाग मात्र भोकांवाचून भरीव हवा. तळ मोकळा असावा. काही ठिकाणी काम 'पक्के' व्हावे म्हणून गवंडी आतून गिलावा करतो व तळाला कोबा घालतो. हा प्रामाणिक मूर्खपणा होय. शोषखड्ड्याने पाणी शोषून घ्यावयाचे असते. गिलावा केल्यास त्याचा हौद होतो आणि तो काही महिन्यांत भरून वाहतो. काळ्या चिकण जमिनीत पाणी फार सावकाश मुरते, म्हणून तेथे खड्ड्याच्या बांधकामाबाहेर सभोवार वीतभराहून अधिक रुंदीत वाळू, खडी अथवा विटांचे रोडे भरतात. विहीर अथवा हातपंप निदान १० मीटर दूर असावा. आपल्या काळ्या पाषाणास भेगा असतात व त्यांतून पाणी न गाळता दूरवर जाते. तशा जमिनीत अंतर अधिक ठेवावे व खड्डा विहिरीच्या उताराकडील अंगास घ्यावा.

कोंबड्यापासून खड्ड्यापर्यंतच्या नळीस १५ मीटरला एक मीटर या प्रमाणाहून कमी उतार नसावा. तीन मीटर नळी असेल तर दोन टोकांत २० सेंटिमीटर फरक पडला पाहिजे. वाटेत एक लहान चेंबर असते. त्यातून दोन नळ्या दोन खड्ड्यांकडे फुटतात. यांपैकी एक तोंड विटेने बंद ठेवावयाचे असते. ही वीट पाहणे हे शिक्षकाचे तिसरे काम. पुष्कळ ठिकाणी ती लावलेलीच नसते, आणि दोन्ही खड्डे एकाच वेळी भरत जातात. मग ते एकाच वेळी भरूनही जातात व दोन्हींत ताजा मैला असतो. तो उपसावा लागतो, म्हणजे कोणा मनुष्यास त्यात उतरविले जाते. माणसाकडून मैला काढविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा खड्ड्यातील विषारी वायूने माणसे गुदमरून मरतातही. एक वीट जागेवर असती तर तो प्रसंगच आला नसता.

वीट जागेवर असेल तर भरलेला खड्डा बंद करून दुसरा चालू करता येतो. बंद खड्ड्यातील मैल्याची दोन वर्षांत कोरडी, मातीसारखी, वास नसलेली राख होते. शेतकऱ्यांच्या भाषेत ते सोनखत. हे खत शाळेच्या परसबागेस द्यावे. मैला ही अस्पर्श वस्तू नसून खत आहे आणि त्याची व्यवस्था करणे हे कोणा एका जातीचे काम नव्हे, हा विचार महाराष्ट्रात कृतीने शिकविणाऱ्यांत कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) यांचे नाव अग्रभागी आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी स्वतःस सफाईचे काम मिळावे अशी मागणी केली व ती नाकारली गेल्यामुळे उपवास आरंभिला. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी येथे अप्पासाहेबांनी शौचकूप व खत यांचे प्रयोग केले. शाळेतील शौचकूपाच्या सफाईची पाळी लावताना हे स्मरणात असावे. विशिष्ट वस्तीतील मुलांकडेच बादली जाते असे कोठे आढळल्यास ते त्याच दिवशी थांबविले पाहिजे.

वर्गातील पाठ

पाचवी ते सातवीच्या विज्ञानात हा विषय सहज बसतो. गवंडी पातळी काढण्यासाठी जी पारदर्शक नळी वापरतात तिचा हातभर तुकडा घ्यावा, त्यास इंग्रजी 'एस्' अक्षरासारखा वाक द्यावा व त्यात रंगीत पाणी ओतावे. एका टोकाने फुंकर घालून पाहण्यास मुलांस सांगावे. हलक्या फुंकरीने हवा पलीकडे जात नाही. नंतर नळी तिरपी करावी. पाणी एका बाजूस सरकते व फुंकर आरपार जाते. कोंबडा तिरपा बसला असता काय होते, ते सांगण्याची मग गरज उरत नाही. वर दिलेला घागरींचा हिशेब व नळीच्या उताराचे त्रैराशिक गणिताच्या तासास घ्यावे. सातवीच्या मुलांनी एक मीटर व्यासाच्या व एक मीटर खोल खड्ड्याचे घनफळ काढावे. ते सुमारे ७८५ लिटर येते. उत्तर आल्यावर मुले स्वतःच विचारतात की एवढ्याशा खड्ड्यात तीन वर्षे कशी निघतात. पाणी जमिनीत मुरते व घन भाग कुजून आटतो, हे उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. खड्डा प्रत्यक्ष उघडून मात्र कदापि दाखवू नये.

सुटीनंतर

वैशाखात शाळा बंद असते व कोंबड्यातील पाणी सुकून जाते. २० मिलिमीटर पाणी आटण्यास फारसे दिवस लागत नाहीत. जून महिन्यात दार उघडताच जी दुर्गंधी येते व माश्या घोंघावतात त्याचे कारण एवढेच असते. दोन तांबे पाणी ओतले की दार पुन्हा बंद होते. सुटीत शाळेजवळ राहणाऱ्या कोणावर आठवड्यातून एकदा पाणी ओतण्याचे काम सोपविले तर उत्तमच. भांडे साफ करण्यास साधी साबणाची भुकटी व कुंचा पुरेसा आहे. ॲसिड वापरू नये. ते सांध्यातील सिमेंट खाते. हात धुण्याचे पाणी शौचकूपाच्या खड्ड्यात सोडू नये, ते परसबागेकडे वळवावे. मोठ्या मुलींच्या शौचकूपात झाकणाची बादली ठेवावी व सॅनिटरी पॅड तीत टाकावयाचे असतात हे शिक्षिकेने एकदा स्पष्ट सांगावे. संकोचामुळे ते न सांगितल्यानेच पुष्कळ कोंबडे तुंबतात.

खड्डे कोठे आहेत, चेंबरमधील वीट कोणत्या बाजूस आहे व ती कोणत्या दिनांकास लावली, याची आकृतीसह नोंद शाळेच्या मालमत्ता नोंदवहीत करावी. शिक्षकांच्या बदल्या होतात आणि नव्या मुख्याध्यापकास खड्डा शोधण्यासाठी अंगण खणावे लागते. चेंबरचे झाकण सिमेंटने लिंपू नये. ते चुन्याच्या पातळ मालाने बसवावे, म्हणजे खड्डा बदलण्याच्या वेळी पहारीच्या एका टोल्याने निघते.